उथळ पाण्यातले साळवेकाका

आमच्या अपार्टमेंटच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांना अधूनमधून गळ लागायचा. गळ टाकणारे म्हणजे शेजारचे साळवेकाका. रेल्वेतून रिटायर झालेला हा माणूस भर उन्हात पाण्याच्या टाकीशेजारी उभा राहून लांब काठीनं हवेत दोरी फेकायचा. सराव! एकदा खालच्या मजल्यावरच्या लक्ष्मीगारूंची रेशमी साडी अडकली. त्या तेलुगूत ओरडत धावल्या, तर काका गंभीरपणे म्हणाले, "ओढू नका, फाटंल."

काकांच्या गळाला गांडूळ नसतं. पिसांची खोटी माशी असते आणि ती ते स्वतःच बांधतात. हे वेड नोकरीत असताना कुठल्याशा साहेबानं लावलं. पिसांसाठी पार अफझलगंजपर्यंत कोंबडीवाल्यांकडे खेपा. "गोश नक्को मियाँ, खाली पर होना," म्हणत नुसती पिसं मागणारं दुसरं गिऱ्हाईक त्या दुकानांनी पाहिलं नसेल. आणि एवढं करून धरलेला मासा हे परत पाण्यात सोडणार. "फसवायचं, मारायचं नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

कुसुमकाकू कपाळाला हात लावायच्या. "लग्न झाल्यापासनं यांनी एक मासा घरी आणला नाही. कालवणाचा मीच आणते बाजारातनं."

गेल्या पावसाळ्यात काकू गेल्या. तेव्हापासून गच्चीवरचे कपडे सुखरूप वाळू लागले. शेवटी लक्ष्मीगारूंनीच मला जिन्यात गाठलं. "अंकल ठीक है ना? ऊपर आतेच नै."

संक्रांतीनंतर पाणी जरा कोमट झालं की काकांचा हंगाम सुरू होतो. यंदा मीच त्यांचं दार वाजवलं. "चला काका, मी येतो बरोबर."

"तुला काय कळतंय त्यातलं?" म्हणाले खरे, पण काठी काढली.

सिकंदराबादच्या पुढे एक लहानसं तळं आहे. तिथं पोचल्यावर काकांनी आपली जुनी गाडी कितीदा तरी मागं-पुढं केली. तोंड नेमकं पाण्याकडे आल्यावरच इंजिन बंद केलं. मग समोरच्याच उथळ पाण्यात जाऊन उभे राहिले. पलीकडच्या खडकांवरून एक गळवाला ओरडला, "चचा, उधर कुछ नै है! इधर आओ!"

"काका, जायचं का तिकडं?"

"मासे तिकडंच हायेत."

"मग?"

"तिकडनं गाडी दिसत नाही." त्यांनी दोरी फेकली. "गुडघे गेल्यापासनं ती खाली उतरायची नाही. पुढच्या सीटवर बसायची, काच खाली करून. तिला दिसावं म्हणून मी हितंच उभा राहायचो."



उन्हं वर आल्यावर कशी कोण जाणे, तळहाताएवढी चिलापी लागली. काकांनी हात ओले करून तिला अलगद सोडवलं, वळले, आणि गाडीकडे तोंड करून उंच धरलं. तसेच उभे राहिले. मासा तोंड वासत होता.

"काका, पाणी," मी हळूच म्हणालो.

ते दचकले. वाकून मासा सोडला. तो केव्हाच निघून गेला, तरी ते पाण्यात हात बुडवून वाकलेलेच होते.

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सुधीर, जरा गाडीत जाऊन बसतोस?"

"का हो?"

"बस ना. पुढं बस. काच खाली कर."

मी जाऊन बसलो. काच खाली केली. काकांनी एकदा मागं वळून पाहिलं. मी हात हलवला. तेव्हा कुठं त्यांनी काठी उचलली.