दोनशे चार नंबरमधले सतरा गोल

सुपडूआप्पा पहिल्यांदा आमच्या घरी आले ते सोसायटीच्या पाण्याच्या टाकीबद्दल विचारायला. पाच मिनिटं बसले, पाणी प्यायले, आणि जाताना खिशातून पांढरा खडू काढून आमच्या स्वयंपाकघराच्या दारावर एक गोल काढून गेले. मी चष्मा लावून पाहिलं. गोलाच्या बरोब्बर मधोमध हळदीच्या बोटाचा ठसा होता.

मुलांनो, तुमच्या आजीच्या घरात डब्यांना लेबलं असतात आणि लेबलांना तारखा. माझ्या स्वच्छतेवर आजवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. मी तशीच जिन्यापर्यंत गेले.

"अहो, हे काय काढून ठेवलंत?"

"डाग शे, ताई." खालच्या पायरीवरून ते शांतपणे म्हणाले. "गोल मी काढला. डाग तुमचा."

तुम्ही कुठे फिरायला गेलात की आधी फोनवर हॉटेलचे तारे बघता. याला साडेचार, त्याला तीन. त्या ताऱ्यांमागे कोण राबतं हे तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही. आमच्या सुरतेतल्या एका हॉटेलच्या ताऱ्यांमागे सुपडूआप्पा आहेत, म्हणून त्यांची ही ओळख.

आप्पा मूळचे अमळनेरकडचे. सुरतेजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं कापड तपासलं. खालून उजेड असलेल्या काचेवरून कापडाचा ताका सरकत जायचा आणि आप्पा डोळे बारीक करून बघत राहायचे. तुटलेली तार, गाठ, तेलाचा डाग, काहीही दिसलं की खडूने गोल. त्यांच्या धंद्यात गोल काढण्यात लाज नव्हती. गोल असलेला माल व्यापारी निर्धास्तपणे घ्यायचा, कारण खोट कुठे आहे ते त्याला आधीच कळलेलं असायचं. पण बिनगोलाच्या ताक्यात डाग निघाला, तर तपासणाऱ्याची अब्रू गेली. "शे ते शे," हे आप्पांचं ब्रीद. आहे ते आहे, लपवायचं कशाला?

निवृत्त झाले आणि दुसऱ्याच महिन्यात कापड बाजारामागच्या एका बावीस खोल्यांच्या हॉटेलात साफसफाईवर देखरेख करायला लागले. साड्यांचे व्यापारी आणि लग्नाचा बस्ता बांधायला आलेली कुटुंबं तिथे उतरतात. आप्पांनी खोलीसुद्धा ताक्यासारखीच तपासायला घेतली. चादर खिडकीशी धरून उजेडात बघायची. दार उघडण्याआधी श्वास रोखायचा आणि आत गेल्यावर सोडायचा, कारण "पहिला श्वास पाहुण्याचा, तो खोटं बोलत नाही." मग मोजे काढून, आपला टॉवेल अंथरून, पलंगावर उताणं पडायचं.

"झोपता की काय तिथे?" मी विचारलं होतं.

"झोपतो कसला! पाहुणा आल्या आल्या काय करतो? आडवा पडतो. आडवा पडल्यावर काय दिसतं? पंखा. आणि पंख्यावर काय दिसतं ते तो घरी जाऊन लिहितो."

एकदा ठरलेल्या वेळेच्या तासभर आधी आलेल्या जोडप्याने दार उघडलं आणि पलंगावर हाताची घडी घालून छताकडे बघणारे आप्पा दिसले. त्या नवरा-बायकोने पुढे लिहिलं, "खोली स्वच्छ होती. सोबत एक आजोबा मिळाले." तारे मात्र चार दिले.

हे अभिप्राय वाचायचं काम माझ्याकडे आलं. मी एका साडी-निर्यातदाराच्या कचेरीत इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळलेला. आप्पांना गुजराती, हिंदी वाचता येतं, इंग्रजी नाही. दर रविवारी सकाळी दहाला ते फोन घेऊन यायचे. कुणी छान छान लिहिलं असलं की हात हलवायचे. "पुढं चला, ताई. यात कामाचं काय नाही." बाथरूममध्ये केस सापडल्याचं वाचलं की ताठ बसायचे. "कुठल्या खोलीत? केस लांब की आखूड?" नाश्ता गार होता, लिफ्ट हळू होती, ते लोक विसरतात, असं त्यांचं म्हणणं. "पण एक केस, ताई, एक तारा घेऊन जातो." मी शेकडो अभिप्राय वाचले असतील. माणूस खरंच बोलत होता. गादी कितीही मऊ असो, लोक मोरीबद्दलच लिहितात.

आणि मग दोनशे चारचं प्रकरण झालं.

दोनशे चार नंबरची खोली रंगकाम आणि दुरुस्तीसाठी बंद ठेवली होती. आप्पांनी आदल्या दिवशी ती तपासून कामाच्या जागा खडूने दाखवून ठेवल्या. भिंतीवरचा ओलावा, आरशाच्या कडेची काळी बुरशी, नळाखालची गंजाची रेघ, कपाटावरचा चहाचा डाग. सतरा गोल. संध्याकाळी लग्नसराईची गर्दी उसळली, हॉटेल भरलं, आणि काउंटरवरून कुणीतरी दोनशे चारची चावी इंदूरच्या एका पाहुण्याला देऊन टाकली.

पाहुण्याने सतराही गोलांचे फोटो काढले. एक तारा दिला. खाली लिहिलं, "या हॉटेलला आपली घाण कुठे आहे ते नीट माहीत आहे. त्यांनी ती पाहुण्यांसाठी गोल करून ठेवली आहे."

शुक्रवारी आप्पा रविवारची वाट न बघता आले. मागोमाग हॉटेलचे मालक जिग्नेशभाई. वयाने आप्पांच्या मुलाएवढे, रागाने कान लाल झालेले.

"काका, आ शुं कर्युं? लोग फोटो आगे भेज रहे हैं! सत्तर गोळ!"

"सत्तर नही, सतरा," आप्पा म्हणाले.

"ये गिनती का टाइम है?" जिग्नेशभाई माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही लिहा. आधीच्या गेस्टच्या छोकऱ्याने खडूने खेळ केला, असं लिहा. सॉरी लिहा. बात खतम."

आप्पांनी मान हलवली. "पोरानं काढलं म्हणायचं? डागाभोवतीच कसं काढलं पोरानं? एवढं हुशार पोर कुठं मिळतं?"

मला हसू आलं. जिग्नेशभाईंना आलं नाही. "सोमवार सुधी," ते म्हणाले. "सोमवारपर्यंत तो एक तारा बदलला तर ठीक. नाहीतर काका, आता तुम्ही घरी आराम करा. तोपर्यंतसुद्धा येऊ नका." आणि ते निघून गेले.

आप्पांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. ते हाताचे तळवे बघत बसले.

"पैशांची काळजी करू नका," मी म्हणाले. "पेन्शन आहे, मुलगा आहे."

"पैशांचं नाही, ताई," ते म्हणाले.

मग आम्ही उत्तर लिहिलं. मी तीन सभ्य वाक्यं तयार केली. कचेरीत अशी वाक्यं मी झोपेत लिहीत असे. आप्पांनी त्यांचा अर्थ ऐकला आणि म्हणाले, "हे सगळ्यांना चालेल असं शे. मग ते त्यांना कशाला पाठवायचं?" आणि स्वतः सांगायला लागले. मी तसंच इंग्रजीत उतरवलं.

"गोल आमचेच आहेत. मी काढले. ही खोली दुरुस्तीसाठी बंद होती, तुम्हाला द्यायला नको होती, ती चूक आमची. मी कापड तपासणारा माणूस आहे. खोट दिसली की खूण करतो, म्हणजे ती दुरुस्त होते. सतरा सापडल्या. अठरावी तुम्हाला सापडली असेल तर कृपा करून कळवा, मला ती दिसली नाही याचं वाईट वाटेल."

शेवटचं वाक्य गाळावं असं मी सुचवलं. पाहुण्याला उद्धट वाटलं तर? आप्पा म्हणाले, "तेच तर खरं वाक्य शे."

शनिवार कोरडा गेला. रविवारी सकाळी दहाला माझं लक्ष दाराकडे होतं, पण आप्पा आले नाहीत. मीच तासातासाने फोन बघत होते. एका परक्या माणसाच्या एका ताऱ्यासाठी माझा जीव खालीवर होत होता.

सोमवारी अकराच्या सुमारास ताऱ्यांचा आकडा बदललेला दिसला. एकाचे तीन! खाली नवा मजकूर होता. मी तो दोनदा वाचला, पदर सावरला आणि नानखटाईचा डबा उचलून पहिल्या मजल्यावर आप्पांच्या घरी गेले. एवढ्या वर्षांत मी त्यांच्याकडे कधी गेले नव्हते. नेहमी तेच यायचे.

दार त्यांनी लगेच उघडलं. मी दारातच वाचून दाखवलं. "तुमचं उत्तर मिळालं. अठरावी खोट सापडली नाही. त्यानंतर वडोदऱ्याला दुसऱ्या हॉटेलात उतरलो. तिथे एकही गोल नव्हता, त्यामुळे सगळी खोली मलाच तपासत बसावी लागली."

आप्पांनी डोळे मिटले आणि रोखलेला श्वास सोडला. "तीन," ते म्हणाले. "तीन ठीक शे. खोली तीनचीच होती."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. जिग्नेशभाईंचा आवाज मलाही ऐकू येत होता. "काका, उद्या सवारे आवी जजो, कामावर! पण चॉक नहीं लाना! डायरी देता हूँ, डायरीत लिहा!"

"लिहितो," आप्पा म्हणाले, आणि फोन ठेवल्यावरही तो हातात धरून हसत राहिले. माझ्याही खांद्यावरचं ओझं उतरलं.

त्यांनी चहा टाकला. मी खुर्चीत बसून घर बघत होते. माझी नजर कशी आहे ते तुम्हाला माहीत आहे. ओट्यावर एक पातेलं, एक कप, एक ताट. पलंगावर एक उशी, चादरीला सुरकुती नाही. फरशीत पंख्याचं प्रतिबिंब दिसत होतं. मला एकही खोट सापडली नाही.

"आप्पा, घर असावं तर असं," मी मनापासून म्हणाले.

त्यांनी शेजाऱ्याकडून आणलेल्या दुसऱ्या कपात माझा चहा ओतला. मनातलं बोलायचं असलं की आप्पांच्या बोलण्यात अहिराणी उतरते. "घरमा घाण व्हसच नही, ताई," ते म्हणाले. "ही गयी तवपासून. पोरगा पुण्याला. मी सकाळी पुसतो, संध्याकाळी बघतो, तसंच. फडकं कोरडंच राहतं." मग म्हणाले, "डाग पडाले मानसं लागतस."

तीन दिवस ते या स्वच्छ घरात बसून होते.

चहा चांगला झाला होता. मी डबा उघडला, एक नानखटाई त्यांना दिली, एक मी घेतली. सुरतेची नानखटाई ती, हात लावला की भुगा होतो. तुम्हाला मी नेहमी खाली बशी धरून खायला लावते. बशी समोरच होती. मी ती घेतली नाही. चुरा फरशीवर पडत राहिला, थोडा खुर्चीखाली गेला.

आप्पा लगबगीने उठले. फडकं घेऊन आले, पण पुसलं नाही. फडकं मांडीवर ठेवून बसले.

"आणखी घ्या ना, ताई," ते म्हणाले. मी आणखी एक घेतली.