वाळवंटातली आगोट

पुस्तकात लिहिलंय तसंच करायचं, असं मुनव्वर सोलकरने १९६५ सालच्या ऑक्टोबरात ठरवलं, आणि सगळा घोळ तिथून सुरू झाला. ठरवलं नसतं तर एक साधी गाडी साधेपणाने वाळवंटात गेली असती आणि साधेपणाने परत आली असती.

मुनव्वर फहाहीलला एका तेल कंपनीच्या स्टोअरमध्ये कारकून होता. चिठ्ठीशिवाय त्याने साहेबालासुद्धा कधी खिळा दिला नव्हता. छापलेल्या कागदावर त्याची एवढी श्रद्धा, की औषधाच्या बाटलीवर 'हलवून घ्या' लिहिलेलं असलं तर तो पाच मिनिटं हलवायचा. मायदेशी परतणाऱ्या एका इंग्रज इंजिनियरचं सगळं सामान त्याने यादीबरहुकूम बांधून दिलं, एक कप फुटला नाही. साहेब इतका खूश झाला, की जाताना आपली कॅरॅव्हान त्यालाच देऊन गेला.

कॅरॅव्हान म्हणजे चाकांवरची खोली. मोटारीच्या मागे जोडायची आणि ओढत न्यायची. प्लायवूडच्या भिंती, आत दोन बाकं, त्यांचेच पलंग, गॅसची शेगडी, भांडी धुवायचं बेसिन, बाकाखाली पाण्याची टाकी. फहाहीलमधले आपले लोक तिला 'डबा' म्हणायला लागले. मुनव्वरची बायको रबिया मात्र तिच्याकडे बघून हरखली. वर्षापूर्वी ती थोरल्या बहिणीबरोबर आगबोटीने कुवेतला आली आणि तेव्हापासून एका खोलीत राहत होती. त्या खोलीच्या खिडकीतून शेजाऱ्याची भिंत दिसायची. (भिंत चांगली होती, पण वर्षभर?)

"थंडी पडू दे," मुनव्वर म्हणाला, "दर जुम्म्याला रानात जाऊ."

"बोलताव तसं कराल ना?"

"म्हणजे काय! लिहून देऊ?"

लिहून दिलं असतं तर त्याने पाळलंही असतं. पण डब्यासोबत साहेबाने एक छापील पुस्तकही दिलं होतं, 'गाडीची निगा' सांगणारं. त्यात चौथ्या पानावर ठळक अक्षरांत होतं, की हिवाळा लागण्याआधी गाडी बंद करा. टाकी रिकामी करा, नळ उघडे ठेवा, नाहीतर पाणी गोठून नळ फुटतील. चाकं काढून गाडी ठोकळ्यांवर चढवा. कपाटांची दारं उघडी टाका. गाद्या घरात न्या. सांधे बुजवा, वर झाकण घाला आणि वसंत ऋतू येईपर्यंत हात लावू नका.

मुनव्वर लगेच कामाला लागला.

त्याचा साडू बदरुद्दीन शुऐब्याच्या बंदराच्या कामावर फोरमन होता. त्याच्याकडे पिकप होती आणि प्रत्येक गोष्टीवर मत होतं. तो बघायला आला तेव्हा मुनव्वर जॅक लावून दुसरं चाक काढत होता.

"हे काय करतोस रे?"

"हिवाळ्याची तयारी. नळात बर्फ होतं."

"फहाहीलमध्ये?"

"पुस्तकात तसं आहे."

"अरे, इथले लोक थंडीतच तंबू घेऊन रानात जातात! उन्हाळ्यात कोण जातो, भाजून घ्यायला?"

"बदरुभाय," मुनव्वर सबुरीने म्हणाला, "ज्याने पुस्तक लिहिलं त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळत असणार."

आता 'सांधे बुजवा' म्हणजे कसे, ते पुस्तकाने सांगितलं नव्हतं. पण मोसम संपला की वाहन बंद करून ठेवायचं, ही गोष्ट जयगडच्या खाडीकाठी वाढलेल्या माणसाला पुस्तकाने शिकवायला नको. पावसाळ्याच्या तोंडावर गावात आगोट सुरू व्हायची. होड्या वाळूवर ओढायच्या, फळ्यांच्या सांध्यांत तेलात भिजवलेला कापूस ठोकून भरायचा, लाकडाला माशाचं तेल चोपडायचं आणि वरून झावळ्यांनी शाकारायचं. मुनव्वरचा आजा नाखवा होता, म्हणजे गलबताचा मालक-कप्तान. लहानपणी मुनव्वरने त्याच्या हाताखाली कापसाच्या वाती वळल्या होत्या. ते सगळं त्याच्या बोटांत आपोआप परत आलं. डब्याचा एकेक सांधा, खिडकीची एकेक चौकट, दाराची कड, बुडाची एकेक फट त्याने लाकडी हातोडीने ठोकून भरली. फहाहीलच्या किनाऱ्यावरच्या सुताराकडून माशाच्या तेलाचे दोन डबे आणले आणि दोन हात चोपडले. (पहिला हात पुरेसा होता. पण आजा दोन द्यायचा.) वरून खजुरीच्या चटया बांधल्या. मग चार पावलं मागे जाऊन त्याने बघितलं आणि त्याला खरोखर भरून आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात अकरा मांजरं होती. तिसऱ्या दिवशी मोजायचं सोडून दिलं.

नोव्हेंबरात पहिला पाऊस पडला, वाळवंटावर हिरवी लव आली आणि सारा कुवेत तंबू घेऊन बाहेर पडला. बदरुद्दीन बायकोला, असमाला, आणि मुलांना घेऊन दर जुम्म्याला जहऱ्याच्या बाजूला जायचा. असमा परत येऊन धाकट्या बहिणीला सगळं साखर घोळून सांगायची. रबिया ऐकायची आणि अंगणातल्या चटयांच्या ढिगाकडे बघायची. डिसेंबरच्या एका मंगळवारी मुनव्वर कामावरून आला तेव्हा तिची पत्र्याची पेटी खोलीच्या मधोमध होती, आणि भरलेली होती.

"या जुम्म्याला मना त्या डब्यातून फिरवलंत तर बरं," ती शांतपणे म्हणाली. "नायतर गावच्या आगबोटीचं तिकीट काढा. भिंत बघायची तर आमच्या गावातपण भिंती हायत."

"पण पुस्तकात वसंत ऋतूपर्यंत..."

"पुस्तकाला सोबत घेऊन रहा मग."

रबिया तोंडाने बोलायची ते करायची. आणि मुनव्वरला, एवढंच सांगतो, तिच्याशिवाय त्या खोलीत एक संध्याकाळ काढण्याची कल्पनासुद्धा सोसवत नव्हती. त्याने आयुष्यात पहिल्यांदा छापील हुकूम मोडला.

गुरुवारी दुपारपासून आगोट उलटी सुरू झाली. चटया सोडल्या, चाकं चढवली, हवा भरली. मग त्याने बाहेरच्या तोंडातून टाकीत पाणी ओतलं. एक बादली, दोन, सहा. टाकी काही भरेना. रबियाने दार उघडलं तेव्हा पाणी पायरीवरून उतरून अंगणात चाललं होतं. पुस्तकाने नळ उघडे ठेवायला सांगितलं होतं, बंद करायचं पान पुढे कुठेतरी होतं. ते पुसून होतंय तोवर एक मांजरी उघड्या दारातून आपली चार पिल्लं आणून उघड्या टाकलेल्या कपाटात निवांत झोपली. तिला हलवायला रबिया तयार होईना. सांध्यांतला कापूस आणि भिंतींवरचं तेल काढायला वेळच उरला नाही, ते तसंच राहिलं.

शुक्रवारी सकाळी बदरुद्दीनच्या पिकपमागे डबा निघाला. असमाच्या लैलाने आत पाय टाकला आणि नाक धरलं.

"इट स्टिंक्स, अंकल!"

"तेल आहे ते, बेटा. लाकडाला चांगलं असतं."

"म्हणूनच मी माझा तंबू आणलाय," बदरुद्दीन म्हणाला. "मासळीच्या डब्यात बसायला मी काय बांगडा आहे?"

जहऱ्याच्या अलीकडे उंचवट्यावर तंबूंची रांग लागली होती. मुनव्वरने पुस्तक उघडलं. 'गाडी सपाट आणि वाऱ्यापासून आडोसा असलेल्या जागी उभी करा.' उंचवट्याच्या पायथ्याशी अशीच एक जागा होती, सपाट आणि सगळीकडून बंद. तिथे कोणीच नव्हतं, याचं त्याला नवल वाटलं. वरच्या तंबूतून एक पांढऱ्या दाढीचा कुवेती हाजी हात हलवून ओरडला. तो तरुणपणी खजूर भरलेली जहाजं घेऊन मुंबईला जायचा, त्यामुळे त्याचं हिंदुस्थानी पक्कं होतं.

"उधर नहीं! उपर आव, उपर!"

मुनव्वरने नम्रपणे पुस्तक उंच धरून दाखवलं. हाजीने कपाळाला हात लावला आणि चहा प्यायला आत गेला. बदरुद्दीनने डबा सोडून पिकप वर नेली, तंबू ठोकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने खुंट्या कशा मारायच्या ते सांगितलं.

दुपारी रबियाने गॅसच्या शेगडीवर बिर्याणीचं पातेलं चढवलं. खिडकीतून तिला समोरच्या चढापर्यंत हिरवळ दिसत होती, उंट दिसत होते. "बुबू, बघ गो, भिंत नाय!" ती थोरल्या बहिणीला सारखी म्हणत होती. मुनव्वर बाकावर बसून तिच्याकडे बघत होता. त्याला वाटलं, झालं, जिंकलो.

मग पश्चिमेकडून काळंकुट्ट आभाळ आलं.

वारा असा सुटला, की पहिल्याच झोतात बदरुद्दीनचा तंबू खुंट्यांसकट उडाला. पाठोपाठ गारा आल्या, आणि मग पाऊस. वरचे तंबू कोसळले, सतरंज्या भिजल्या, चुली विझल्या. हाजीच्या दोन सुना आणि त्यांची पाच मुलं उतारावरून धावत आली आणि रबियाने दार उघडून सगळ्यांना आत ओढलं.

आणि आत? आत एक थेंब नाही! छत टपाटप वाजत होतं, खिडक्यांवरून पाणी वाहत होतं आणि आत सगळं कोरडं ठणठणीत. रबियाने भिंतीवरून हात फिरवला, खिडकीच्या चौकटीत बोट घालून बघितलं आणि नवऱ्याकडे वळली. लग्नाला सहा वर्षं झाली होती. असं तिने त्याच्याकडे कधी बघितलं नव्हतं.

"तुमी केलाव हे?"

"आजा असाच करायचा," मुनव्वर म्हणाला. छाती त्याची फुगलीच होती.

तेवढ्यात डबा हलला.

उंचवट्यावरचं सगळं पाणी त्या सपाट, आडोशाच्या जागेत उतरलं होतं. (तिथे कोणीच का नव्हतं, ते आता कळलं.) चाकं बुडाली, पाणी दाराच्या पायरीपर्यंत आलं. आत आलं मात्र नाही. दाराच्या कडेचा कापूस भिजून फुगला आणि दार आणखीच घट्ट झालं. डबा आधी डावीकडे झुकला, मग उजवीकडे. मग जमिनीवरून सुटला आणि दिमाखात तरंगायला लागला.

मुलांनी टाळ्या पिटल्या. असमा कलमा म्हणायला लागली. रबिया खिडकीतून ओरडली, "बदरुभाय, दोर टाका! दोर!" बदरुद्दीन चिखलात गुडघाभर उभा होता, डोक्यावर एक पातेलं. त्याने पिकपमधला दोर आणला, छातीभर पाण्यात शिरला आणि डब्याच्या आकड्याला बांधला.

"आत पाणी शिरलं का?" तो बोंबलला.

"नाय!" रबिया अभिमानाने म्हणाली. "बिर्याणी दमाला लागलीय. हळू ओढा, सांडेल!"

आणि बदरुद्दीनने, ज्याला प्रत्येक गोष्टीवर मत होतं, एक अक्षर न बोलता हळू ओढलं. पिकप वर, डबा मागे. आत चार बायका, सात मुलं, एक मांजरी, चार पिल्लं, एक मुनव्वर आणि एक पातेलं, सगळे सुखरूप उंचवट्याला लागले. पाऊस थांबला होता. हाजीच्या माणसांनी खांदे लावून दार उघडलं. आसपासच्या पाच तंबूंत मिळून एक कोरडी चूल नव्हती, म्हणून रबियाने पातेलं बाहेर काढलं आणि सगळ्यांना वाढलं. असमा ताटं धरत होती. बदरुद्दीनने दोनदा मागून घेतलं आणि दुसऱ्या वेळी, डब्याकडे न बघता, पुटपुटला, "तेलाचा वास काही एवढा येत नाही."

"पेटी उद्या रिकामी करते," रबिया बहिणीला म्हणाली. "आगबोट कशाला? माझं गलबत इथंच हाय."

हाजी मात्र जेवत नव्हता. तो डब्याभोवती फिरत होता. अंगठ्याने सांधे दाबत होता, तेलाचा वास घेत होता, बुडाखाली वाकून बघत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. असं काम त्याने कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं, आता सगळ्या इंजिनाच्या लोखंडी बोटी, तो म्हणाला. त्याने चिखलातच उभं राहून सगळ्यांना विचारलं,

"ये किश्ती का नाखुदा किधर है? मेरे को उसका हाथ चूमना है!"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. खरंच, नाखुदा कुठे होता? डबा सुटल्यापासून कोणी त्याचा आवाजच ऐकला नव्हता. शेवटी लैलाने बोट दाखवलं.

नाखव्याचा नातू डब्याच्या मागच्या बाजूला, एका झुडपाला धरून ओणवा झाला होता. चेहरा हळदीसारखा पिवळा. डबा पहिल्यांदा झुकला तेव्हाच त्याचं पोट वर आलं होतं, आणि ते अजून जागेवर बसत नव्हतं. (मुंबईहून येतानाही त्याने आगबोटीवरचे आठही दिवस बादलीशेजारीच काढले होते. चार वर्षांत त्याने गावी जायची रजा मागितली नव्हती ती यामुळेच.)

हाजी हात चुंबायला पुढे झाला, थांबला, आणि एकेकाळच्या दर्यावर्दीने एका नजरेत सगळं ओळखलं. त्याने खिशातून एक लिंबू काढून मुनव्वरच्या मुठीत कोंबलं आणि पाठीवरून हात फिरवत मायेने विचारलं,

"पहला सफर, बेटा?"

मुनव्वरने लिंबू नाकाशी धरलं, डोळे मिटले आणि मान हलवून हो म्हटलं. पुढचा प्रश्न हाजीने विचारायच्या आत तो घाईने म्हणाला, "चाचा, पहले ये हिलता रेगिस्तान रोको."