विल्फ ग्रिमशॉचे नवे बूट

शुक्रवारी संध्याकाळी विल्फ ग्रिमशॉ स्वयंपाकघरातल्या पत्र्याच्या टबात बसला होता. अंगावर काय, तर फक्त बूट. फुटबॉलचे, नवे कोरे, घोट्याच्या वर येणारे, आणि लाकडासारखे कडक. गरम पाण्यात भिजले की ते पायाच्या मापाला येतात. हॅथरक्लफ टाऊन क्लबचे सगळेच खेळाडू नवे बूट असेच मऊ करायचे. फक्त बाकीचे हा उद्योग मॅचच्या आदल्या संध्याकाळी करत नसत.

"उद्या जुनेच घाल की," त्याची बायको हिल्डा म्हणाली.

"जुन्यांचा तळ सुटलाय. आणि उद्याची मॅच म्हणजे काय, माहिती आहे ना? मॅनेजर थ्रेलफॉलसाहेबांनी तोंडावर सांगितलंय. उद्या काहीतरी करून दाखव, नाहीतर पुढच्या मॅचपासून डाव्या बगलेला, लेफ्ट विंगला, डेनिस खेळेल."

विल्फ चौतिशीचा. तिसऱ्या डिव्हिजनमध्ये का होईना, टाऊनची डावी बगल कित्येक हंगाम त्याची होती. डेनिस बाविशीचा, केसांना तेल चोपडणारा, हरणासारखा पळणारा. नुसतं नाव निघालं तरी विल्फचं डोकं फिरायचं.

टबातून उठून तो शेगडीसमोर पाय शेकत बसला आणि तिथेच त्याचा डोळा लागला. इथेच घात झाला. सकाळी बघतो तर कातडं वाळून असं आवळलं होतं, की पाय कुठे संपतो आणि बूट कुठे सुरू होतो ते कळेना. हिल्डाने ओढलं. शेजारच्या मिसेस कर्शॉने ओढलं. मग दोघींनी मिळून ओढलं, तेव्हा विल्फ खुर्चीसकट दारापर्यंत सरकला. बूट जागच्या जागी.

"कात्री आणते," हिल्डा म्हणाली.

"खबरदार! दुसरे आहेत कुठे?"

"मग परत गरम पाण्यात बस, सुटतील."

"मुळीच नाही. आत्ता कुठे मापाला आलेत. परत भिजले तर पोतेरं होईल त्यांचं. मी असाच जाणार."

"असाच? चॅपलमध्ये? अरे, अकराला म्युरिअलचं लग्न आहे!"

म्युरिअल ही हिल्डाची धाकटी बहीण. वडील नव्हते, म्हणून तिचा हात धरून तिला आत न्यायचा मान विल्फकडे होता.

"ठरलं म्हणजे ठरलं," विल्फ म्हणाला.

हे वाक्य एकदा निघालं की देव आला तरी उपयोग नाही, हे हिल्डाला लग्नापासून ठाऊक होतं. तिने कपाळावर हात मारला आणि बूट झाकले जावेत म्हणून त्याच्या सुटाच्या पँटची दुमड उसवायला घेतली.

पण आवाज कसा झाकणार? चॅपलला दगडी फरशी आणि बुटांच्या तळाला ठोकलेले चामड्याचे जाड गट्टू. ऑर्गन सुरू झाला आणि त्याच्यावर ताण करत खट्ट, खट्ट, खट्ट.

"घोडा कुणी आणलाय रे आत?" पहिल्या बाकावरून सासूबाई न वळताच म्हणाल्या.

"विल्फ, हलू नकोस," म्युरिअल दातांतल्या दातांत बोलली. "माझी ओढणी तुझ्या पायाखाली आहे."

विल्फ दचकून मागे सरला. चर्रर्र! हातभर लेस गट्टूला अडकून आली. ती घेऊनच तो हिल्डाशेजारी जाऊन बसला. सासूबाईंनी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती इथे सांगण्यासारखी नाही.

लग्न लागताच तो बसकडे धावला. कंडक्टरने आधी त्याचे पाय पाहिले.

"ह्या खुरांनी माझ्या बसची जमीन उखडायची नाही. उतर!"

"अहो, मला खेळायचंय आज! टाऊनकडून!"

"मग पळायची सवय असेलच की."

बस गेली. मैदान टेकडीच्या पलीकडे आणि रस्ता दगडी फरसबंदीचा. आठवडाभर कडक थंडी, दगड गोठलेले. विल्फ दोनदा आपटला, उठला आणि दात आवळून पळत सुटला. डेनिस त्या जागेवर? हट्! मेलो तरी नाही.

तो मैदानावर पोचला तेव्हा थ्रेलफॉलसाहेब दारातच उभे होते.

"ग्रिमशॉ, तुझ्या बुटांचे गट्टू कुठे आहेत?"

विल्फने तळ वर करून पाहिला. गट्टू झिजून टिकलीएवढे उरले होते. एकाला अजून म्युरिअलच्या ओढणीची लेस लोंबत होती.

"रस्त्यात राहिले, साहेब."

"आजोबा आज घसरगुंडी खेळणार वाटतं," डेनिस खिदळला. साहेबांनी त्यालाच मैदानात उतरवलं असतं, पण शिट्टी वाजत होती आणि विल्फचं नाव फळ्यावर लागून गेलं होतं.

मैदान गोठून लोखंड झालं होतं. बाकीच्यांचे उंच गट्टू त्यात रुतेनात. एकवीस जण काचेवरच्या कोंबड्यांसारखे डुगडुगत होते. सपाट झालेल्या तळांवर पाय टेकून पळत होता तो एकटा विल्फ. एक गोल त्याने करवला, दुसरा स्वतः केला. शेवटची शिट्टी झाली तेव्हा लोक त्याचं नाव घेऊन ओरडत होते आणि त्याला चक्क रडू आलं. मग सगळ्यांबरोबर गरम पाण्याच्या हौदात उतरला, तर बूट आपसूक निघून आले. हे त्याने हिल्डाला कधीच सांगितलं नाही.

"काय डोकं आहे रे तुझं!" साहेब हौदाशी येऊन म्हणाले. "बर्फासाठी मुद्दाम गट्टू झिजवलेस! डावी बगल तुझी."

"शपथेवर सांगतो साहेब, अपघात होता."

"माझ्यापासून लपवतोस? पुढच्या शनिवारी सगळेच टेकडीवरून चालत येतील, बूट घालून. डेनिसलाही घेतोय, उजवीकडे. तू बसने ये, तुझे तयारच आहेत."

विल्फने आठवडाभरात तीनदा समजावून पाहिलं. साहेब डोळे मिचकावून हसायचे.

पुढच्या शनिवारी तो बसमध्ये बसला तेव्हा बूट मांडीवरच्या पिशवीत होते. हिल्डाने ते त्याला न विचारताच चांभाराकडे नेऊन नवे, उंच गट्टू ठोकून आणले होते. बाहेर पहाटेपासून पाऊस कोसळत होता. बर्फ कधीच वितळून गेला होता. चढावर सगळी टीम खडखडाट करत चालली होती, पुढे छत्री घेतलेले साहेब, शेवटी लंगडणारा डेनिस.

विल्फने खिडकी उघडली. "साहेब, मागे फिरा! मैदानात घोटाभर चिखल असेल, उंच गट्टूच लागतील!"

"ठरलं म्हणजे ठरलं, ग्रिमशॉ!" साहेब छत्रीतून गरजले.

कंडक्टर तोच होता. तो वाकून बाहेर बघत राहिला.

"एवढ्या पावसात ही मंडळी निघाली कुठे?"

विल्फने खिडकी लावून घेतली.

"माझी जागा पक्की करायला," तो म्हणाला.