चाळीस नाकं

एका जंगलात, मुलांनो, प्रत्येक पिल्लाच्या पाचवीला सटवाई येई. पिल्लाच्या नाकात हजार वासांची हजार गाठोडी असत. सटवाई डोळे मिटून त्यातलं एक सोडी. ते सुटलं की उरलेल्यांच्या गाठी आपोआप घट्ट बसत, त्या जन्मभर सुटत नसत. एका नाकाला एकच वास. कुणाला वाघाचा, कुणाला कुजक्या पानांचा. सगळ्यांचं मिळून जंगलाला सगळं कळे.

टिकली चिचुंद्रीच्या वाट्याला धूर आला. जंगलात कधी आग लागलेली नव्हती, म्हणून तिला कधी कसला वासच आला नव्हता. शेजारच्या अस्वलीणबाईंच्या गुंडूला मध मिळाला होता. त्या हे दिवसातून तीनदा सांगत. टिकलीची आई मान खाली घालून ऐके.

पुढे पालक सिंहाकडे गेले. डोळे मिटून वाटणं ही कुठली पद्धत, असं त्यांचं म्हणणं. सिंहाला पटलं. कोल्हेसरांनी सटवाईला डोळे उघडे ठेवायला शिकवलं. तेव्हापासून सगळ्यांना मधच मिळू लागला. बरीचशी जुनी नाकं म्हातारी होऊन गेली. मध न मिळालेली टिकली तेवढी उरली, वर्गात शेवटच्या रांगेत.

एका दुपारी, ऐन परीक्षेत, टिकलीला पहिल्यांदा वास आला. घरी वाळक्या गवतात आई आणि पाच भावंडं होती. तिने हात वर करून सरांना हळूच सांगितलं.

कोल्हेसरांनी वर्गाला हुंगायला लावलं.

"मध आहे, सर," गुंडू म्हणाला. "रोजच्यापेक्षा जास्त."

आगीच्या धगीने मधाची पोळी वितळू लागली होती, पण ते कुणाच्या अभ्यासक्रमात नव्हतं.

"बाळ," सर मायेने म्हणाले, "चाळीस नाकं चुकतील, की एक?"

टिकलीला उत्तर येत होतं. पण ती लाजाळू होती. ती नुसतीच उठली आणि घरी धावली.

आईने लेकीच्या नाकाकडे पाहिलं आणि पुढे झाली. तिची शेपूट टिकलीने तोंडात धरली, टिकलीची धाकट्याने, त्याची त्याच्या धाकट्याने. अशी माळ लावून सातही जण नदीपार गेले.

बाकीचे मागून आले, अंग भाजून घेत.

दुसऱ्या दिवशी अर्ध्या शेपटीच्या कोल्हेसरांनी निकाल वाचला. मध ओळखण्यात सगळा वर्ग पहिला. टिकली नापास, कारण ती पेपर अर्धवट सोडून गेली होती.

तात्पर्य: चाळीस नाकं कधीच चुकत नाहीत. जंगलच चुकीच्या दिवशी जळतं.