आधी आजोबा दाखवा

आमच्या शेजारच्या गायकवाडकाकांसमोर मोबाइलवर गाणं लावायची सोय नाही. दोन ओळी झाल्या की काका हात वर करतात. "हा नातू झाला. आजोबा कुठायत?"

नातू म्हणजे कुणीतरी नव्याने गायलेलं जुनं गाणं आणि आजोबा म्हणजे मूळ गाणं. टेलिफोन खात्यात जन्म गेल्यामुळे लाइन नेमकी कुठून येते हे पाहिल्याशिवाय काकांना चैन पडत नाही.

हे वेड लागलं ते इथल्याच चार पोरापोरींच्या एका बँडमुळे. ही मुलं विसरलेली जुनी गाणी गिटारवर गाऊन इंटरनेटवर टाकतात. काकांच्या मुलीने एकदा लिंक पाठवली आणि काका चिकटले ते चिकटलेच. नवं गाणं आलं की ऐकायचं, मूळ शोधायचं, ते ऐकायचं आणि मग बँडचं गाणं कायमचं बंद. "एकदा आजोबा भेटले, की नातू ऐकवत नाही हो मला," म्हणतात.

मंडईत एका भाजीवालीच्या फोनवर असंच काहीतरी वाजत होतं. काका चौकशीला लागले, मागे गिऱ्हाइकं खोळंबली. शेवटी बाई म्हणाली, "काका, गाणं फुकट आहे. मेथी घ्या."

लोणी काळभोरला एका लग्नात तर ते थेट डीजेपाशी गेले. मूळ गाणं किती संथ आहे, हे त्याला समजावू लागले. तो म्हणाला, "आवो काका, संथ लावल्यावर नाचनार कोन हाय?" काका जेवायला न थांबता निघाले, आणि गाडी त्यांचीच असल्यामुळे मीही उपाशी आलो.

सुमनकाकू गेल्यापासून हे फारच वाढलं, असं सोसायटीत बोलतात. मी आपलं रिकामपणाचे उद्योग म्हणून सोडून दिलं होतं.

गेल्या रविवारी काका अनवाणीच माझ्या दारात आले. "हे ऐका."

बँडचं नवं गाणं होतं. शब्द सुरू होण्याआधी त्यातली मुलगी नुसतीच गुणगुणत होती.

"सुमनचं आहे हे," काका म्हणाले. "डाळ निवडताना गुणगुणायची. लहानपणी शेजारच्यांच्या रेडिओवर ऐकलेलं. शब्द तिलाही येत नव्हते."

शब्दच नसलेलं गाणं शोधायचं कसं? कानावर पडेल ते गाणं तपासत जायचं. मंडईतही आणि लग्नातही.

"काका, मग आता आजोबा शोधूच," म्हणत मी फोन काढला. बँडच्या गाण्यातल्या शब्दांवरून मूळ गाणं लगेच सापडलं. लावणार, तोच काकांनी माझा हात धरला.

"नको."

"अहो, इतकी वर्षं हेच शोधत होतात ना?"

"हो ना. पण मूळ गाणारी चांगलीच गात असणार. ते एकदा कानात बसलं, की सुमनचं ऐकवणार नाही मला. माझी खोड तुम्हाला ठाऊक आहे." ते जायला वळले. "बेसूरच गायची हो ती. पण माझ्याकडे तेवढंच आहे."

मी फोन ठेवून दिला. काका घरी गेले. दार लावून घेताना ते गुणगुणत होते, बरंचसं बेसूर.