मुठीवरचा बूट

कार्यालयाच्या तळघरातल्या व्यायामशाळेत एका कर्मचाऱ्यानं चोवीस किलोचं वजन चुकीच्या पद्धतीनं, परंतु यशस्वीरीत्या उचललं, ही गंभीर बाब सोमवारी संध्याकाळी पावणेसहा वाजता निदर्शनास आली. कर्मचारी आवक-जावक विभागातले होते. वीस वर्षं येणाऱ्या प्रत्येक कागदावर तारखेचा शिक्का मारत आल्यामुळे सगळे त्यांना शिक्केवाले म्हणत.

वजन म्हणजे केटलबेल. लोखंडाचा गोळा आणि त्याला वरून किटलीसारखी मूठ. शिक्केवाल्यांना ती उचलायची मुळीच हौस नव्हती. त्यांना आई उचलायची होती. आईचे गुडघे कामातून गेले होते. रोज सकाळी तिला पलंगावरून उचलून खिडकीजवळच्या खुर्चीत बसवावं लागे. मग खालच्या रस्त्यावर कोण कोणाशी भांडतंय, कोण कोणाकडे गेलं आणि किती वेळानं परत आलं, यावर ती दिवसभर देखरेख ठेवी. एकदा तिला उचलताना शिक्केवाल्यांची पाठ धरली. डॉक्टर म्हणाले, "एक तर ताकद कमवा, नाहीतर हे काम सोडा." म्हणून ते तळघरात उतरले. आईचं वजन अठ्ठेचाळीस किलो, म्हणजे चोवीसच्या दोन केटलबेल. चार महिन्यांत त्यांना दोन्ही उचलता यायला लागल्या, आणि आई विनातक्रार खिडकीत पोचू लागली.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण कार्यालयात ठीक चाललेल्या गोष्टीकडे फार दिवस दुर्लक्ष होत नाही. 'प्रगत तंत्र सुधारणा कक्ष' स्थापन झाला आणि त्यावर एका मास्तरांची नेमणूक झाली. मास्तरांच्या गळ्यात शिट्टी आणि काखेत फायली असत. ते स्वतः काही उचलत नसत. फायलीसुद्धा वजनदार झाल्या की कोणालातरी धरायला देत.

"हे काय करताय?" मास्तरांनी विचारलं.

"स्नॅच," शिक्केवाले म्हणाले. पायांमधून झोका देऊन केटलबेल एका दमात डोक्यावर न्यायची, त्याला स्नॅच म्हणतात.

"वर गेली?"

"गेली ना."

"कशी गेली ते कळलं?"

"ते काही लक्षात नाही बुवा."

"मग गेली असं धरता येत नाही."

लगेच सदतीस रकान्यांचा तक्ता भरण्यात आला. मनगट, कोपर, श्वास, नजर, अंगठ्याची दिशा, चेहऱ्यावरचे भाव. शिक्केवाल्यांच्या एकतीस चुका निघाल्या. ते हादरले. चार महिने आपण एकतीस चुका करत होतो आणि आईला उचलत होतो, म्हणजे केवढा अनर्थ टळला, या विचारानं त्यांना घामच फुटला.

मास्तरांनी वजन सोळावर आणलं. चुका एकोणीस झाल्या. आठवर आणलं, चुका अकरा. मास्तरांनी आलेख काढून भिंतीवर लावला आणि वरिष्ठांना कळवलं की, 'वजन कमी होताच तंत्रात लक्षणीय सुधारणा होते. सबब, दोष वजनात आहे.' वरिष्ठांनी त्यावर सही केली. त्यांनी आयुष्यात वजन म्हणून फक्त स्वतःचं पाहिलं होतं, पण आलेख खाली जाताना पाहून त्यांना बरं वाटलं.

मग गेट-अप आला. आडवं पडायचं, एका हातानं वजन छताकडे धरायचं आणि ते तसंच धरून उभं राहायचं. तंत्र घोटण्यासाठी वजनाऐवजी वळलेल्या मुठीवर बूट ठेवतात. बूट न पडता उभं राहता आलं तर तंत्र शुद्ध. शिक्केवाल्यांनी उजव्या पायातला बूट काढून मुठीवर ठेवला. पहिल्या दिवशी तो नाकावर पडला, दुसऱ्या दिवशी मास्तरांच्या फायलीवर. तिसऱ्या आठवड्यात मास्तर विचारात पडले आणि म्हणाले, "बुटालाही वजन असतंच की!" त्यांनी आधी नाडी काढायला लावली, मग आतली गादी.

"आणि हो, तंत्र पक्कं होईपर्यंत बाहेर काहीही उचलायचं नाही. जुनी खोड अंगात परत शिरते."

"पण मास्तर, घरी आईला उचलावं लागतं."

"किती किलोची?"

"अठ्ठेचाळीस."

"मूठ कुठे आहे तिला?"

शिक्केवाल्यांनी घरी येऊन आईकडे त्या दृष्टीनं पाहिलं आणि मास्तरांचं म्हणणं त्यांना पटलं.

आई पलंगावरच राहिली. खिडकीतली खुर्ची रिकामी पडली, आणि बायको तिच्यावर धुतलेले कपडे टाकू लागली. आईला पलंगावरून फक्त छत दिसे, आणि छतावर कोणी कोणाशी भांडत नव्हतं.

"आज तरी खुर्ची आहे का रे?" ती रोज विचारी.

"आई, माझी कंबर अजून चौदाव्या रकान्यात अडकली आहे."

"तुझ्या बापानं मला तापात तीन जिने वर नेलं होतं."

"बाबांचं तंत्र साफ चुकीचं होतं."

"म्हणूनच पोचले."

शिक्केवाल्यांनी हे मनावर घेतलं नाही. त्यांना आता सगळीकडे चुका दिसत होत्या. शिपाई पाण्याचा जार उचलताना गुडघे लॉक करत होता. बसथांब्यावर एक बाई रडणारं पोर कडेवर घेताना श्वास सोडायला विसरली. शिक्केवाल्यांनी तिला थांबवून ते सांगितलं, तेव्हा ती जे बोलली ते कुठल्याच रकान्यात बसणारं नव्हतं. पण त्यांना वाईट वाटलं नाही. वीस वर्षं त्यांनी कागदांवर नुसती तारीख मारली होती. आता माणसांवर शेरा मारता येत होता. त्या सुखापुढे पाठदुखीसुद्धा थांबली, कारण पाठीला काही कामच उरलं नव्हतं. बायकोनं मास्तरांचा कुटुंबीयांसाठीचा दोन दिवसांचा वर्ग केला. ती आता बाजारातून पिशव्या आणत नसे. पिशवी कशी आणावी ते भाजीवाल्याला सांगून परत येई.

अखेर परीक्षा झाली. शिक्केवाल्यांनी रिकामी मूठ छताकडे धरून निर्दोष गेट-अप केला. सदतीसपैकी सदतीस. प्रमाणपत्र मिळालं. त्यावर खाली बारीक अक्षरात टीप होती: 'धारकाने वजन उचलल्यास सदर प्रमाणपत्र रद्द समजण्यात येईल.' शिक्केवाल्यांनी ते काचेत लावून खिडकीशेजारी टांगलं.

रविवारी सकाळी आईला वाट पाहण्याचा कंटाळा आला. तिनं स्वतःच खुर्चीकडे निघायचं ठरवलं आणि दोन पावलांवर ती जमिनीवर बसली, म्हणजे पडलीच. आवाज ऐकून शिक्केवाले धावत आले. त्यांनी चुकून दोन्ही हात पुढे केले, पण वेळीच सावरले.

"आई, हलू नकोस. आधी मला पाय खांद्याएवढे रुंद करू दे."

"थांबा, मी बाजूनं व्हिडिओ घेते," बायको म्हणाली. "म्हणजे कंबर नीट दिसेल."

"नजर कुठे ठेवू? गेट-अपमध्ये नजर वजनावर असते."

"वजन तर खाली पडलंय. खाली बघा."

"खाली बघितलं की मान वाकते. नववा रकाना."

"अरे, मला उचल," आई जमिनीवरून म्हणाली, "नाहीतर शिक्का मारून परत तरी पाठव!"

असा पाऊण तास गेला. मास्तरांना फोन लावला. ते म्हणाले, बिनमुठीच्या वजनाबाबत मार्गदर्शक सूचना यायच्या आहेत. तेवढ्यात वरच्या मजल्यावरची लाँड्रीवाली ओल्या चादरींचं बोचकं घेऊन जिना उतरत होती. उघड्या दारातून तिनं पाहिलं, बोचकं तिथंच टाकलं आणि आत आली. पाय जुळलेले, गुडघे ताठ, श्वास कोंडलेला, पाठीची पार कमान. तिनं म्हातारीच्या काखेत हात घातले, "हं, धरा मला" म्हणाली आणि एका हिसक्यात तिला खुर्चीत नेऊन बसवलं, धुतलेल्या कपड्यांसकट.

"बाविसावा, सव्विसावा, एकतिसावा," शिक्केवाले हळहळले. "अहो, अशानं कंबर जाईल तुमची."

लाँड्रीवालीनं तिकडे लक्ष दिलं नाही. ती खुर्चीपाशी उकिडवी बसली, म्हातारीचा हात हातात घेतला आणि विचारलं, "आजी, कुठे लागलं का हो?"

पाऊण तासात हे पहिल्यांदाच कोणी विचारत होतं. म्हातारीचे डोळे भरून आले. तिनं डावं मनगट पुढे केलं. ते चांगलंच सुजलं होतं.

लाँड्रीवालीच्या पाठीची कमान चुकीची होती, हे वाचता वाचता आपल्याही ध्यानात आलंच असेल. म्हातारीच्या मनगटाचं आलं होतं का?