नामावर अडकलेला अप्पा

आमच्या शेजारच्या वीरअप्पाच्या दुकानात मीठ मागितलं, तर मीठ हे कोणत्या जातीचं नाम हाय ते आदी ऐकावं लागायचं. मगच मीठ मिळायचं.

"मीठ म्हंजी मटेरियल नाऊन. मोजता येत न्हाई, मापावं लागतंय."

"मग माप की मेल्या, कालवण उतू चाललंय!"

मी शाळेचं तोंड बघितलं न्हाई. पर इंग्रजी नामाच्या पाची जाती मला आजबी तोंडपाठ हायत, त्या ह्या अप्पामुळं. धारूरात तवा निजामाचं राज्य. शिकायचं तर उर्दू. ह्याला बापानं हैदराबादला धाडलं, तितं कुण्या मास्तरापाशी ह्यानं इंग्रजी धरली. नामं संपली, क्रियापदं सुरू व्हायची, तवर इकडं बाप मेला. हा येऊन गल्ल्यावर बसला तो कायमचाच. बायको म्हणायची, "क्रियापद शिकलेच न्हाईत, म्हणून तर घरात काई करीत न्हाईत!"

गाव, बाई, शेळी ही कामन नाऊन. विहिरीवर बायांचा घोळका दिसला की हा वरडायचा, "कलेक्टिव्ह आलं!" एकदा वसुलीचा शिपाई आला, माणसं दारामागं लपली. हा आपला वट्ट्यावरनं शिकवतोय, "भीती! हात लावता येत न्हाई, पर हाय. अब्स्ट्रॅक्ट!" शिपायाला वाटलं शिवी देतोय. दोन फटके बसले. अप्पा पाठ चोळत म्हणला, "दुखणंबी त्यातलंच."

पर त्याची लाडकी जात म्हंजी प्रापर नाऊन. एकाचंच असतंय, दुसऱ्या कुणाचं न्हाई असं नाव. तराजूला, वरवंट्याला, दारातल्या दगडालासुदिक त्यानं नावं ठेवलती.

त्या साली पाऊस न्हवता. मालक गंगाथडीला कामाला गेलते. मी बाळंतीण, अंगावर दूध न्हाई. पोरगी शेळीच्या दुधावर जगलेली. अन् घरात दाणा न्हाई म्हणून सासूनं तीच शेळी खाटकाला सांगितली. मी काय बोलणार? सासूचंबी चुकत न्हवतं. दाणा नसंल तर सगळीच मरणार.

अप्पाला कळलं. आला अन् शेळीपुढं फतकल मारून बसला. काळी, एक शिंग मोडलेली.

"काकू, हिचं नाव काय?" त्यानं सासूला इचारलं.

"शेळी."

"ते कामन झालं. कामन बाजारात जातंय. प्रापर जात न्हाई."

"मला नको शिकवू, मुडद्या."

"आजपून ही चंद्रकला."

बाजाराच्या दिवसापतूर अप्पा रोज गुळाचा खडा आणायचा अन् "चंद्रकलाबाई!" म्हणून हाक मारायचा. मग सगळी गल्ली मारायला लागली. शेळी "बें" करून उत्तर द्यायला लागली. सासू एकलीच तिला "ए शेळे" म्हणायची. शेळी तिच्याकडं ढुंकून बघायची न्हाई.

खाटकानं दावं धरलं तशी गल्ली वरडली, "चंद्रकला!" तिनं मान वळवून एकेकाकडं बघितलं, जशी सासरी निघालीय. खाटकानं दावं सोडलं.

"अम्मा, ये बकरी नै, घर की बेटी है. मेरेसे नै होता."

सासूनं कपाळ बडवलं. "आता खाऊ काय रं अप्पा? तुझं नाऊन?"

अप्पा दुकानात गेला अन् ज्वारीचं पोतं पाठीवर घेऊन आला.

"अगं बया, पहिलं क्रियापद!" बायको दारातनं म्हणली. आमी सगळ्या हसलो.

तेवढ्यात आत पोरगी रडली.

"हिचं नाव काय?" अप्पा म्हणला.

"ठेवलं न्हाई. बाप आल्यावर बारसं करू," सासू म्हणली. "तवर टिकली तर."

अप्पानं पोतं टाकलं अन् त्याच्यावरच बसला. बायको गपकन आत गेली.

"काकू, आमची बारशाच्या आदीच गेली. याद येती. काय म्हणून हाक मारावी तिला?"

त्याची लेक गेलती ते आमाला ठावं व्हतं. पर त्याच्या तोंडून कदी ऐकलं न्हवतं.

सासू लई कडक बाई. पर आतनं पोरगी आणून त्याच्या मांडीवर ठेवली.

"ठेव तूच."

दगडधोंड्याला नावं ठेवणारा माणूस, पर त्याला सुचंना. सासू म्हणली, "तिच्यासाटी मनात धरलं असशील की काईतरी."

लई हळू म्हणला, "गिरजा."

पोरगी जगली. अप्पा रोज सकाळी दुकान उघडायच्या आदी आमच्या दारात यायचा अन् "गिरजा!" म्हणायचा. काम काई नसायचं. ती बोलायला लागली तशी आतनं "ओ" द्यायची. मग जायचा कुलूप काढायला.